माळ परत मागवताना

डिसेंबरच्या नवव्या दिवशी यादी माझ्या टेबलावर आली.
त्र्याऐंशी नावं. मॉडेल ४४१७ ब,
खिडकीत लावायची साठ बल्बांची माळ, पिवळसर उजेड.
गारठ्यात अडॅप्टरचं झाकण तडकतं,
आतली तार उघडी पडते,
बोटाला झटका बसेल किंवा पडदा पेट घेईल.
अजून कुणाला काही झालेलं नाही,
हे वाक्य प्रत्येकाला न विसरता सांगायचं.

ट्रॉम्सोत या महिन्यात सूर्य उगवतच नाही.
सकाळी आठला दिवेलागण,
दुपारी दोनलाही तीच दिवेलागण चालू.
अशा गावाला फोन करून म्हणायचं,
दिवे काढा.

स्विच बंद करा, प्लग ओढा,
मग वायर मधोमध कापा
आणि दोन्ही टोकं दिसतील असा फोटो पाठवा,
दोनशे एकोणपन्नास क्रोनर खात्यात जमा होतील.
हे इतक्यांदा म्हटलं
की घरी पाव मोडतानाही वाटलं, फोटो काढावा.

एक जण हसत सुटला. माळ बायको घेऊन गेली, म्हणाला,
तिला कळवा,
पण आगीचं जरा सावकाश सांगा.
एका पोरीने विचारलं, कापल्यावर त्यांना दुखतं का?
मग तिच्या आईने फोन घेतला.
एकाकडची कुत्र्याने आधीच कापली होती.
त्याने कुत्र्याचाही फोटो पाठवला.

सत्तेचाळिसावं नाव बोर्गहिल्ड नेसहाइम,
क्वालोया बेट, पार पश्चिमेचा किनारा.
तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली,
"नाही जमायचं. तोरलाइफ समुद्रात आहे."
नवरा का?
"शेजारी. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही.
बोटी ओढायच्या उतारावरून झालं, तुला काय करायचंय.
पण खाडीच्या तोंडाशी दोन खडक आहेत
आणि तो माझी खिडकी धरून आत येतो.
नकाशाचं यंत्र आहे त्याच्याकडे. तरी.
मी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही."

आमच्या अर्जात याला रकाना नव्हता.

मी म्हटलं, मग त्यांना तुम्ही कळवा ना.
"तू कळव. तुला त्याचाच पगार मिळतो."

त्याचं नाव यादीत नव्हतं. तरी नंबर लावला.
वारा, आणि जुन्या खोकल्यासारखं इंजिन.
मी कागदावरचं तसंच वाचून दाखवलं:
अडॅप्टर, गारठा, तडा.
इतका वेळ काही ऐकू आलं नाही
की वाटलं फोन तुटला.
मग त्याने विचारलं, "तिला काही लागलं का?"
नाही.
"बरं. मग सांग तिला, आज लवकर परततो.
अंधार पडायच्या आत."

दोघंही थांबलो.
अंधार तर नोव्हेंबरपासून पडलेला.
तो हसला असावा. वाऱ्यात कळलं नाही.

तिचा फोटो तिसऱ्या दिवशी आला.
मेणकापडावर कापलेली वायर,
शेजारी मासे साफ करायची सुरी, तीही नीट पुसलेली.
चौकट जरा तिरकी.
मागे खिडकी, आणि खिडकीत
बोटीवरचा पितळी कंदील,
बुडाशी लाल रंगात नोंदणीचा क्रमांक.
तिच्याकडे बोट नाही.
टेबलाच्या कडेला दोन कप होते
की एकच कप आणि त्याची सावली,
मी फोटो मोठा करकरून पाहिला,
शेवटी ठिपकेच उरले.

रकान्यात लिहिलं: माळ नष्ट. पुरावा मिळाला.
पैसे पाठवले.
आणि पुढच्या नावाला फोन लावताना
पहिल्यांदाच, कागदावर नसलेलं, विचारून बसले:
तुमची खिडकी कुठून कुठून दिसते?